थर्मोच्या गणितात प्लस का मायनस? सिनियर लोकांनी जरा इकडे या

चिन्हचुकली
नमस्कार मंडळी. मी एफवाय बीएस्सीला आहे. परवा थर्मोची (थर्मोडायनॅमिक्सची) इंटर्नल झाली, २० पैकी ७ पडले, आणि त्यातले निम्मे मार्क नुसत्या चिन्हापायी गेलेत, म्हणजे आकडा बरोबर येतो पण प्लसच्या जागी मायनस पाहिजे असतो नाहीतर उलट. गणित असं होतं: २ मोल आयडियल गॅस, ३०० केल्विन, आयसोथर्मल रिव्हर्सिबल, १० लिटरवरून २० लिटर, वर्क काढा. मी आधी १५०२ काढलं, मग लक्षात आलं की लॉगच्या मागचं २.३०३ राहिलं, ते लावल्यावर ३४५८ ज्यूल आलं, खूश झाले, आणि पेपर हातात आला तर त्याच्यामागे लाल पेनने हा एवढा मोठा मायनस. बारावीला फिजिक्समध्ये गॅस प्रसरण पावला की वर्क पॉझिटिव्ह हे आम्ही पाठ केलंय हो! सरांना विचारलं तर म्हणाले केमिस्ट्रीत असंच असतं. असंच म्हणजे कसं? दहावीपर्यंत माझं मराठी मिडियम, त्यामुळे वर्गात परत हात वर करायची लाज वाटते. कुणी नीट सांगेल का. (डेल्टा वगैरे चिन्हं मोबाईलवर सापडत नाहीत म्हणून सगळं अक्षरात लिहितेय, सांभाळून घ्या.)

बंड्या_मेकॅनिकल
सर बरोबर बोलले, केमिस्ट्रीत असंच असतं, सगळं उलटं. आमच्याकडे सरळ हिशोब, डेल्टा यू (आतल्या ऊर्जेतला बदल) = क्यू (उष्णता) वजा डब्ल्यू (काम). उष्णता आत घाला, काम बाहेर काढा, बाहेर आलेलं काम प्लस. इंजिनाने काम केलं आणि तुम्ही त्याला मायनस म्हणताय, मग डिझेल कशाला टाकायचं?

ब्युरेट
बंड्या, तिला अजून गोंधळवू नकोस.

चिन्हचुकली, दोघंही बरोबर आहेत आणि दोघांचं उत्तर एकच आहे. गंमत म्हणजे स्टेट बोर्डाच्या बारावीच्या दोन्ही पुस्तकांत हा चौथाच धडा आहे, फिजिक्समध्येही चौथा आणि केमिस्ट्रीतही चौथा, आणि दोन्हीत डब्ल्यू या अक्षराचा अर्थ वेगळा आहे, पण हे आपल्याला कुणी सांगत नाही. फिजिक्सचा आणि इंजिनवाल्यांचा डब्ल्यू म्हणजे सिस्टिमने केलेलं काम. आपला डब्ल्यू म्हणजे सिस्टिमवर झालेलं काम. म्हणून ते क्यू वजा डब्ल्यू लिहितात आणि आपण क्यू अधिक डब्ल्यू लिहितो. त्यांचा विषयच मुळात वाफेच्या इंजिनापासून सुरू झाला, कार्नोचं १८२४ चं लिखाण सगळं इंजिनातून काम किती निघेल यावरच आहे, त्यामुळे बाहेर आलं ते कमावलं असा त्यांचा हिशोब. आपल्याला इंजिन नाही चालवायचं, आपल्याला फ्लास्कमधल्या मालाचं काय झालं ते बघायचंय.

वाण्याची उधारीची वही आठव. तू ५०० चा किराणा उधार आणलास तर त्याच्या वहीत ते येणं आणि तुझ्या डायरीत ते देणं. रुपये तेच ५००. भांडण तेव्हाच होतं जेव्हा पान त्याच्या वहीचं आणि बेरीज तुझ्या डायरीची.

तुझ्या गणितात गॅस फुगला, म्हणजे त्याने बाहेरच्याला ढकललं, गॅसच्या खिशातून ३४५८ ज्यूल गेले, म्हणून मायनस ३४५८. एवढंच आहे ते.

चिन्हचुकली
वहीचं समजलं!! पण मग पुढचा प्रश्न होता डेल्टा यू आणि क्यू काढा. मी लिहिलं की टेंपरेचर बदललं नाही म्हणून क्यू शून्य. तेही चुकलं. टेंपरेचर तेच आहे म्हणजे उष्णता दिलीच नाही ना?

कुडाळची
मी पण हेच लिहिलं होतं मागच्या वर्षी 🙋‍♀️

ब्युरेट
ही चूक सगळे करतात, मी पण केलीये. आयसोथर्मल आणि अ‍ॅडियाबॅटिक यांची खिचडी झालीये तुझी. उष्णता आत-बाहेर होत नाही ते अ‍ॅडियाबॅटिक. टेंपरेचर हलत नाही ते आयसोथर्मल. चहाचं आधण घे, पाण्याला उकळी फुटली की गॅस कितीही मोठा कर, पाणी १०० च्या वर जात नाही, पण शेगडीतून उष्णता तर धबाधबा चाललीये ना आत? ती सगळी वाफ करण्यात खर्च होते. दहावीच्या पुस्तकात त्याला अप्रकट उष्मा म्हणलंय, शब्द छान आहे, आहे पण दिसत नाही.

तुझ्या सिलिंडरमध्ये वाफ वगैरे नाही, पण हिशोब तसाच. आयडियल गॅसची आतली ऊर्जा फक्त टेंपरेचरवर ठरते, टेंपरेचर तेच तर डेल्टा यू शून्य. गॅसने ३४५८ खर्च केले आणि तरी खिशात तेवढेच आहेत, म्हणजे तेवढेच कुणीतरी आत टाकले. कुणी? बाहेरच्या ३०० केल्विनच्या पाण्याच्या टबाने. म्हणून क्यू = प्लस ३४५८. बेरीज शून्य. टब नसता तर गॅस थंड पडला असता.

बंड्या_मेकॅनिकल
लग्नकार्यात मोठा बर्नर लावला की सिलिंडरला बाहेरून घाम फुटतो बघा, कधीकधी बर्फ पण धरतो. तिथे मात्र आतला द्रव गॅस होताना सिलिंडरच्याच अंगातली उष्णता ओढून घेतो. आमचा आचारी सिलिंडर पाण्याच्या घमेल्यात उभा करतो. त्याला अप्रकट उष्मा माहीत नाही पण घमेलं माहीत आहे.

कुडाळची
माझी पण एक शंका काढते इथेच, वेगळा धागा नको. हेच गणित इररिव्हर्सिबल केलं की काम कमी का येतं? सुरुवात तीच, शेवट तोच. १० ते २० लिटर, पण बाहेरचं प्रेशर एकदम शेवटच्या प्रेशरइतकं पाडलं तर माझं उत्तर मायनस २४९४ येतं. जवळजवळ हजार ज्यूल गेले कुठे?

ब्युरेट
गेले कुठेच नाहीत, तू ते घेतलेच नाहीस. गॅसचं प्रेशर सुरुवातीला साधारण ४.९९ बार आहे, शेवटी २.४९. तू पहिल्याच क्षणी पिस्टनवरचं ओझं निम्मं करून टाकलंस, मग गॅस ताकदवान असूनही पूर्ण रस्ताभर त्याने हलकंच ओझं उचललं. रिव्हर्सिबलमध्ये पिस्टनवर वाळू ठेवलीये असं समज, एकेक कण काढायचा, म्हणजे प्रत्येक क्षणी गॅसला झेपेल तेवढं जास्तीत जास्त ओझं डोक्यावर. कामाचा आकडा कुठून कुठे गेलास यावर नाही, कसा गेलास यावर ठरतो. क्यू पण तसाच, तुझ्या गणितात टबाने पण २४९४ च दिले. डेल्टा यू मात्र दोन्हीकडे शून्य. स्टेट फंक्शन, पाथ फंक्शन म्हणून जी व्याख्या रट्टा मारून पाठ करतात ना ती हीच, पाठ करू नको, हे एक गणित दोन्ही पद्धतीने सोडव आणि पुरे.

आणि ०.०८२ वालं आर (गॅस कॉन्स्टंट) घेतलं तर उत्तर लिटर-अ‍ॅटमॉस्फियरमध्ये येतं, १०१.३ ने गुणल्याशिवाय ज्यूल होत नाहीत. ८.३१४ घ्या आणि लिटरचे घनमीटर करा, कटकट मिटते.

कपाशीवाला
राम राम. यवतमाळकडचा हाय मी, बीएस्सी सेकंड इयर अन् घरी शेती. माझा प्रश्न थोडा येगळा हाय. आमच्या मॅडमनं सांगतलं का रिअ‍ॅक्शनमधून उष्णता बाहेर पडली त ती आपोआप होते, म्हणजे एक्झोथर्मिक म्हणजे स्पॉन्टेनियस. आता मी कपाशीवर फवारायले युरिया भिजवतो. बकेटीत युरिया टाकला का बकेट अशी थंडगार होते का हात घालून ढवळावं त बोटं गारठते. उष्णता बाहेर त सोडा, तो त आतच ओढून रायला. तरी काहून विरघळते मंग? मी त त्याले जबरदस्ती नाई करत.

ब्युरेट
दादा, एक नंबर प्रश्न. मॅडमचं वाक्य बऱ्याचदा खरं ठरतं पण नेहमी नाही, आणि तुमची बादली हाच त्याचा पुरावा. चुनकळीवर पाणी टाकलं की भांडं फसफसून तापतं, ते उष्मादायी आणि आपोआप. युरिया गार पडतो, तो उष्माग्राही आणि तरी आपोआप. म्हणजे नुसता डेल्टा एच (उष्णता आत की बाहेर) बघून निकाल लागत नाही. युरियाच्या खड्यात रेणू एकमेकांना धरून ठरलेल्या जागी बसलेत, पाण्यात गेले की हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या दिशेला तोंड करून फिरायला मोकळे, म्हणजे त्यांना असण्याच्या कितीतरी जास्त तऱ्हा मिळाल्या. ती वाढ म्हणजे डेल्टा एस, एन्ट्रॉपीतला बदल. आपोआप होणार की नाही ते डेल्टा जी सांगतो, मायनस आला तर होणार: डेल्टा जी = डेल्टा एच वजा टी (केल्विनमधलं टेंपरेचर) गुणिले डेल्टा एस. उष्णतेच्या बाजूने तोटा, पण टी डेल्टा एस त्याहून मोठा, म्हणून डेल्टा जी मायनसमध्ये जातो.

कपाशीवाला
हे जमलं. पण अजून एक. बकेट थंड होते, मंग तेच पाणी १०० लिटरच्या ड्रमात वतलं का ड्रम काही थंड लागत नाई. युरिया तेवढाच हाय ना?

चिन्हचुकली
हे मी करू का?? मला गणित करून बघायचंय.

युरिया किती घेता दादा?

कपाशीवाला
दोन किलो. पहिले बकेटीत पाच लिटर पाण्यात घोळतो अन् मंग ड्रम भरतो. म्हणजे दोन टक्के.

चिन्हचुकली
युरियाचा मोलर मास ६०. २००० भागिले ६० म्हणजे ३३ मोल. पुस्तकात मोलला साधारण १५ किलोज्यूल दिलेत, प्लस, कारण आत घेतो (बघा चिन्ह लावलं!). म्हणजे ५०० किलोज्यूल. पाणी लिटरला एक डिग्रीला ४.१८ किलोज्यूल. १०० लिटरला ४१८. म्हणजे ड्रम फक्त १.२ डिग्रीने गार होणार, हाताला कळणारच नाही. आणि बादलीत ५ लिटर म्हणजे डिग्रीला २०.९ च, ५०० भागिले २०.९ = २४ डिग्री!!! हे बरोबर आहे का, २४ जरा जास्त वाटतंय.

ब्युरेट
पद्धत अगदी बरोबर. २४ जास्त वाटतंय कारण तू फक्त पाणी धरलंस, बादलीत दोन किलो युरियासुद्धा आहे, तोही गार होतो म्हणजे वाटेकरी वाढला. शिवाय इतक्या घट्ट द्रावणात मोलमागे ओढली जाणारी उष्णता थोडी कमी भरते, आणि युरिया विरघळेपर्यंत बादली बाहेरच्या हवेतून उष्णता घेतच असते. तरी बोटं गारठतील एवढं नक्की होतं. दादांनी एकदा थर्मामीटर घालून बघावं.

कपाशीवाला
थर्मामीटर घरी एकच हाय, तापाचा. त्याच्यावर पस्तीसच्या खाली आकडेच नाई.

बंड्या_मेकॅनिकल
😂😂

कुडाळची
डेल्टा जी निघालाच आहे तर माझी लाजिरवाणी गोष्ट सांगते. ट्युटोरियलला बर्फ वितळण्याचं गणित होतं, डेल्टा एच ६.०१ किलोज्यूल, डेल्टा एस २२, टी २७३. मी सरळ ६.०१ मधून ६००६ वजा केले आणि उत्तर लिहिलं मायनस ६०००. मॅडम शांतपणे म्हणाल्या, एवढ्यात अठरा लिटर पाण्याला आधण येईल गो, आणि तुझा बर्फ अठरा ग्रॅमचा.

ब्युरेट
डेल्टा जी म्हणजे उष्णता नव्हे, त्यामुळे मॅडमनी थोडी सूट घेतलीये, पण चिमटा मस्त आहे. डेल्टा एस कायम ज्यूलमध्ये देतात आणि डेल्टा एच किलोज्यूलमध्ये, यात दरवर्षी अर्धा वर्ग पडतो. सगळं ज्यूलमध्ये घ्या: २७३ ला ६०१० वजा ६००६, जवळपास शून्य, म्हणजे बर्फ आणि पाणी सुखाने एकत्र नांदतात. उणे १० ला म्हणजे २६३ केल्विनला ६०१० वजा ५७८६ = प्लस २२४, वितळत नाही. १० डिग्रीला २८३ केल्विन, ६०१० वजा ६२२६ = मायनस २१६, वितळतो. बर्फाला काही माहीत नसताना गणित बरोबर सांगतं याची मला अजून मजा वाटते.

चिन्हचुकली
आता प्रॅक्टिकलचं रडगाणं. हायड्रोक्लोरिक आणि कॉस्टिक सोडा, न्यूट्रलायझेशनची हीट. दोन्ही १ मोलर, ५० - ५० मिली. पुस्तकात मोलला मायनस ५७ किलोज्यूलच्या आसपास आहे. माझं टेंपरेचर २७.० वरून ३२.९ गेलं, म्हणजे ५.९. १०० ग्रॅम गुणिले ४.१८ गुणिले ५.९ = २४६६ ज्यूल, भागिले ०.०५ मोल, म्हणजे मायनस ४९.३. आमच्या बॅचचे सगळे उलटीकडून गणित करून ६.८ ची रीडिंग पाडतात आणि ५७ लिहितात. मी पण तेच करू का, सबमिशन शुक्रवारी आहे.

निवृत्त_लॅबवाला
मी एरवी इथे लिहीत नाही, नुसता वाचतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं असिस्टंट होतो. बाळ, रीडिंग पाडू नकोस. ज्या जर्नलमध्ये सगळ्यांचं ५७.० येतं ते तपासणाऱ्याला लांबून ओळखू येतं, सर बोलत नाहीत एवढंच. तुझं ४९.३ हे खरं उत्तर आहे, फक्त अपुरं आहे. प्रयोग कशात केलास?

चिन्हचुकली
काचेच्या बीकरमध्ये काका. वर्तमानपत्र गुंडाळलं होतं. झाकण नव्हतं.

निवृत्त_लॅबवाला
तरीच. तू हिशोबात फक्त १०० ग्रॅम पाणी तापवलंस. बीकर कुणी तापवला? थर्मामीटर कुणी तापवला? तेवढे ज्यूल तू लिहिलेच नाहीस. आमच्या वेळी याला भांड्याचा जलतुल्यांक म्हणत, म्हणजे हे भांडं किती पाण्याच्या बरोबरीचं आहे ते. तो काढायला वेगळं काही लागत नाही. त्याच बीकरमध्ये ५० मिली साधं पाणी घे, तापमान लिही. दुसरीकडे ५० मिली पाणी त्याहून साधारण २० डिग्री गरम कर, तापमान लिही आणि ओत. बरोबर मध्यावर यायला पाहिजे, येणार नाही, थोडं खाली येईल. जे हरवलं ते भांड्याने खाल्लं.

दुसरं, तू सगळ्यात वरचा आकडा लिहिलास ना? तो वर चढेपर्यंत भांडं गार होतच असतं. ओतायच्या आधी दोन-तीन मिनिटं आणि ओतल्यावर पाच-सहा मिनिटं, दर अर्ध्या मिनिटाला रीडिंग घे, आलेख काढ, उतरती रेघ पट्टीने मागे नेऊन ओतल्याच्या क्षणाला भिडव. तिथे जो आकडा मिळेल तो खरा. झाकणाला थर्माकोलचा तुकडा भोक पाडून चालतो. आणि आम्ल आणि सोडा दोन्ही एकाच तापमानाला आहेत का ते ओतण्याआधी बघ, मुलं हे हमखास विसरतात. सोड्याची बाटली उघडी राहिलेली असेल तर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड खातो आणि १ मोलर राहत नाही, तेव्हा लॅबमधल्या दादांना विचार कधी केलाय.

बंड्या_मेकॅनिकल
काका तुम्ही आधी का नाही आलात या धाग्यावर

निवृत्त_लॅबवाला
चिन्हाचं चाललं होतं. त्यात मला काय कळतं.

चिन्हचुकली
झालं!!! कालच्या प्रॅक्टिकलला बॅचचे सगळे लवकर सटकले, मी आणि मैत्रीण थांबलो, लॅबच्या दादांनी कुरकुर केली पण सोडा ताजा करून दिला.

आधी जलतुल्यांक: गार पाणी २५.०, गरम ४५.०, मिसळल्यावर ३५ पाहिजे होतं, आलं ३४.२. गरम पाण्याने गमावले ५० × ४.१८ × १०.८ = २२५७. गार पाण्याला मिळाले ५० × ४.१८ × ९.२ = १९२३. मधले ३३४ ज्यूल बीकरने खाल्ले, आणि बीकर पण ९.२ डिग्री तापला, म्हणजे डिग्रीला ३६ ज्यूल. आता जुनं ५.९ च घेऊन परत केलं तर ४१८ च्या जागी ४५४, आणि उत्तर ५३.६! तेच रीडिंग!

मग झाकण लावून, आलेख काढून नवीन केलं. सुरुवात २६.८, रेघ मागे नेली तर ३३.०. म्हणजे ६.२. ४५४ × ६.२ = २८१५, भागिले ०.०५, म्हणजे मायनस ५६.३. मायनस, कारण सिस्टिमने बाहेर टाकली. सरांनी व्हायवाला विचारलं की ५७ का नाही आलं, आणि मी दहा मिनिटं बोलत होते, शेवटी तेच म्हणाले बस आता.

कुडाळची
कमाल!! जलतुल्यांकाचा हिशोब जर्नलमध्ये कुठे लिहिलास, त्याला रकाना नाहीये.

चिन्हचुकली
मागच्या कोऱ्या पानावर.

कपाशीवाला
मानलं बॉ तुले.

निवृत्त_लॅबवाला
छान. एक विचारतो. २६.८ आणि ३४.२ लिहिलंयस. तुमच्याकडच्या थर्मामीटरला ०.२ चे भाग आहेत का एकेक डिग्रीचे? कारण ०.१ इकडेतिकडे झालं की तुझं उत्तर ०.९ किलोज्यूलने हलतं.

चिन्हचुकली
०.२ चे आहेत काका. कपाटात होता तो, दादांकडून मागून घेतला. सगळ्यांना देतात तो एक डिग्रीवाला असतो.

निवृत्त_लॅबवाला
मग ठीक. परत ठेवताना डबीत ठेव, तसे आता मिळत नाहीत.

चिन्हचुकली
ठेवला. बुधवारी एन्ट्रॉपीची टेस्ट आहे, कुणी जागं आहे का?